घरच्या घरी मोटारसायकलचा टायर बदलणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शंभर-सव्वाशे सीसीची गाडी, मागं दुधाचे कॅन किंवा खताचं पोतं, रस्ता अर्धा डांबरी आणि अर्धा शेताचा. मराठवाड्यातल्या बहुतेक घरांपुढं उभी असलेली गाडी अशीच असते, आणि हे पान तिच्यासाठीच आहे. मुख्य भर स्पोकच्या चाकांवर आणि ट्यूबवाल्या टायरवर आहे. ट्यूबलेसचं वेगळं लिहिलंय.

चौकात पंक्चरवाला असताना घरी टायर बदलायचा कशाला?

चौकात दुकान असेल आणि ते उघडं असेल, तर खुशाल तिकडं जा. पण वाडीवर, तांड्यावर किंवा शेतातल्या आखाड्यावर राहणाऱ्याला मागचं चाक बसलेली गाडी ढकलत गावापर्यंत आणावी लागते. तशी ढकलली की ट्यूब तर जातेच, टायरची कडही आतून कापली जाते. त्यापेक्षा चाक काढून, हवं तर टायरसुद्धा तिथंच काढून काम उरकलेलं बरं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बाजाराच्या दिवशी दुकानात गाड्यांची रांग असते. त्या घाईत रिमपट्टी (रिमच्या आतली रबरी पट्टी) सडलीय का, ब्रेक शू किती उरलेत, बेअरिंग खरखरतंय का, हे बघायला कुणाला सवड नसते. घरी चाक मांडीवर घेतलं की हे सगळं आपोआप डोळ्यांपुढं येतं. आणि पंक्चरवाल्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ असतं. त्याचे हात नीट बघितले तर अर्धं काम तिथंच कळतं.

कुठल्या गाडीचं काम घरी करावं, कुठल्याचं करू नये?

स्पोकचं चाक आणि १७ किंवा १८ इंची अरुंद ट्यूब टायर असेल तर बिनधास्त करा. अलॉय चाकावरचा अरुंद ट्यूबलेस जमतो, पण रिमला ओरखडा पडू द्यायचा नाही आणि हवेचा जोर मोठा लागतो. १३० किंवा १४० रुंदीचा मागचा ट्यूबलेस असेल तर चाक घरी काढा आणि मशीन असलेल्या दुकानात न्या. हा मधला मार्ग फार चांगला आहे. गाडी घरीच राहते, चेन-ब्रेक आपल्या हातानं साफ होतात आणि रिमही शाबूत राहतं.

टायर संपला हे कसं ओळखायचं?

नक्षीच्या खाचांमध्ये मधूनमधून रबराच्या छोट्या आडव्या गाठी असतात. टायरच्या बाजूला टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण दिसतो, त्याच्या सरळ रेषेत वर बघा. दुचाकीत ही गाठ साधारण ०.८ मि.मी. उंच असते. नक्षी झिजून गाठीच्या बरोबरीला आली की टायर संपला. मी तिथपर्यंत थांबू नका असं सांगेन. मृगाच्या आधीच बदला, कारण पहिल्या पावसात डांबरावर धूळ आणि तेलाचा चिखल होतो, त्यात गुळगुळीत टायर धरतच नाही.

नक्षी भरपूर आहे आणि तरीही टायर गेलेला आहे, असंही होतं. आपल्याकडं मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि गाड्या दिवसभर उन्हात उभ्या असतात. रबर कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात. नखानं दाबून भेग उघडून बघा. आतले धागे दिसले तर टायर काढाच. बाजूला फुगवटा आला असेल तर आतला थर तुटलाय, त्या टायरवर घरापासून दुकानापर्यंतसुद्धा जाऊ नका.

वय बघायचं असेल तर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे वाचा. २४२३ म्हणजे २०२३ सालचा चोविसावा आठवडा. नवा टायर घेतानाही दुकानातच हे वाचायचं. पाच-सहा वर्षं झालेला टायर नक्षी असली तरी मी चालवणार नाही.

टायरवरचे बाकीचे आकडे काय सांगतात?

२.७५-१८ म्हणजे टायर पावणेतीन इंच रुंद आणि रिम १८ इंची. ८०/१००-१८ म्हणजे रुंदी ८० मि.मी., उंची त्या रुंदीच्या शंभर टक्के आणि रिम तेच १८ इंची. पुढं ४७पी, ५४पी असं काहीतरी असतं. ४७ म्हणजे १७५ किलो वजन, ५४ म्हणजे २१२ किलो. पी म्हणजे ताशी १५० कि.मी. पर्यंतचा वेग. आपल्याकडं वेगापेक्षा वजनाचा आकडा बघायला हवा. मागं दोन कॅन आणि एक माणूस बसणार असेल तर मागच्या टायरचा वजनाचा आकडा कंपनीनं दिलेल्यापेक्षा कमी असता कामा नये.

मागं जरा जाड टायर टाकला तर ओझ्याला बरा पडेल का?

एक पायरी जाड, म्हणजे २.७५ च्या जागी ३.००, बऱ्याच गाड्यांत बसतो. तरी आधी चेनगार्ड आणि मडगार्डपाशी बोट घालून जागा बघा. त्याहून जाड टाकला तर अरुंद रिमवर टायर चेंबतो, वरचा भाग फुगीर होतो आणि वळणावर गाडी सरळ बसत नाही. ॲव्हरेजही कमी होतं. ओझं वाढलंय म्हणून टायर जाड करण्यापेक्षा वजनाचा आकडा मोठा असलेला त्याच मापाचा टायर घ्यावा, आणि हवा ओझ्याप्रमाणं भरावी. दुधाच्या गाड्यांचे मागचे टायर लवकर जातात त्याचं मोठं कारण कमी हवा हेच असतं.

हत्यारं काय काय लागतील?

चांगले टायर लिव्हर दोन, तिसरा असला तर फार बरं. टोकं गोलसर आणि गुळगुळीत हवीत. पेचकसानं टायर उचकटायला जाऊ नका, नव्या ट्यूबची निम्मी पंक्चरं तिथंच होतात. एक्सलच्या नटांना बसणारे रिंग पाने किंवा गोटी पाने, पक्कड, हातोडी, व्हॉल्व्हची पिन काढायची चावी, हवेचा मीटर, पायपंप. साबणाचं पाणी आणि जुनं फडकं. चाक ठेवायला जमिनीवर गोणपाट किंवा जुना टायर.

याशिवाय शंखजिऱ्याची पावडर लागते. ती नसेल तर घरातली अंगाला लावायची पावडर चालते.

ग्रीस, डिझेल, रॉकेल यातलं काहीही टायरच्या कडेला लावायचं नाही. त्यानं रबर फुगतं आणि मऊ पडतं. खोबरेल तेलही नको. साबणाचं पाणी आपलं काम करतं आणि नंतर वाळून जातं.

चाक गाडीतून काढायची पद्धत काय?

गाडी मेन स्टँडवर घ्यायच्या आधी एक्सलचा नट थोडा सैल करा. स्टँडवर घेतल्यावर जोर लावला तर गाडी पुढं घसरते. जमीन मऊ असेल तर स्टँडखाली फळी टाका. काळ्या मातीत स्टँड रुतून गाडी कलंडते.

पुढचं चाक सोपं आहे. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकची केबल सोडा, स्पीडोमीटरची केबल त्याच बाजूला असेल तर तीही, मग एक्सल ओढा. इंजिनखाली विटा किंवा लाकडी ठोकळा लावून पुढचं टोक वर धरून ठेवा.

मागच्या चाकाला ब्रेकच्या रॉडचा नट, ब्रेकप्लेटला धरणारा टॉर्क रॉड आणि मग एक्सल, असा क्रम. चेन ताणायच्या दोन्ही पट्ट्यांवर खुणा असतात. त्या कुठं होत्या ते खडूनं मांडून ठेवा किंवा मोबाईलवर फोटो काढा. काही गाड्यांत स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरते ती दातेरी चकती, चेनसकट जागेवरच राहतं आणि नुसतं चाक सुटून येतं. काहींत चेन उतरवावी लागते. चाक निघताना एक्सलवरच्या कॉलर कुठल्या बाजूच्या, कुठल्या क्रमानं होत्या हे बघत काढा आणि त्याच क्रमानं फडक्यावर मांडा. लहान मुलं जवळ असतील तर त्यांना आधी लांब करा. मागचं चाक हातानं फिरवताना चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये बोट सापडलं तर ते वाचत नाही.

डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेक दाबायचा नाही. कॅलिपरचे पॅड एकमेकांना चिकटतात आणि पिस्टन बाहेर येतो. दोन पॅडच्या मध्ये लाकडाची पातळ चीप अडकवून ठेवा. चाक डिस्कच्या बाजूवर आडवं टाकू नका. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आलंय. त्यांच्या चाकावर दातेरी किंवा भोकाभोकांची कडी असते आणि शेजारी छोटा सेन्सर. त्या दोन्हींना लिव्हर किंवा हातोडी लागू द्यायची नाही.

खूप जोर लावला तरी टायर रिमवरून निघत नाही. काय चुकतंय?

जोर लावावा लागतोय, हेच चुकतंय. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

टायरच्या कडेत पोलादी तार असते. ती ताणली जात नाही. बांगडी भरताना बांगडी मोठी होत नाही, हात आकसून लहान करावा लागतो, तसंच हे आहे. तारेची कड रिमच्या काठाहून लहान असते, ती काठावरून येते कशी? रिमच्या मधोमध गोल फिरणारी खोलगट खोबण असते, तिच्यामुळं. एका बाजूची कड खोबणीत दाबून बसवली की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते. ती ढील मिळाली की लिव्हर मनगटाच्या जोरानं फिरतो. समोरची कड वर काठावर चिकटलेली असेल तर दोन माणसं लिव्हरवर उभी राहिली तरी काही होत नाही. झालंच तर लिव्हर वाकतो, रिमचा काठ फाकतो किंवा कडेतली तार तुटते. तार तुटलेला टायर कायमचा बाद झाला.

आता क्रम. व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा. व्हॉल्व्हचा नट काढा. चाक आडवं टाकून टायरवर रिमच्या अगदी लगत टाच दाबत गोल फिरा, कड रिमवरून सुटून आत पडली पाहिजे. उलटून दुसऱ्या बाजूलाही तसंच. वर्षानुवर्षं न काढलेला टायर गंजानं चिकटलेला असतो. त्यात साबणाचं पाणी सोडून थोडा वेळ ठेवा. तरी नाही सुटला तर चाक दुसऱ्या गाडीच्या साइड स्टँडखाली धरून ती गाडी हळूहळू स्टँडवर टेकवा. स्टँडचं टोक टायरवर यायला हवं, रिमवर किंवा स्पोकवर नको.

मग व्हॉल्व्हपाशी सुरुवात करा. व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूला दोन्ही गुडघे टेकून कड खोबणीत दाबून धरा. पहिला लिव्हर व्हॉल्व्हच्या जरा बाजूला घालून कड वर घ्या, दोन-तीन बोटांच्या अंतरावर दुसरा. लिव्हर खोल घालायचा नाही, कडेखाली जाईल एवढाच, नाहीतर ट्यूब धरतो. छोटे छोटे घास घेत जा. अर्ध्यावर आलात की उरलेली कड हातानं निघते. ट्यूब ओढून काढा, मग दुसरी कड त्याच बाजूनं काढा.

जालन्याला मोंढ्यातल्या एका पंक्चरवाल्याला मी हे करताना बराच वेळ बघत बसलो होतो. अंगानं बारीक माणूस. लिव्हर धरलेल्या हाताच्या शिराही फुगत नव्हत्या. सगळा भार गुडघ्यांवर. दर दोन घासांनंतर तो समोरच्या बाजूवरून तळहात फिरवून कड खोबणीत आहे ना ते चाचपायचा. कड वर आलेली लागली की लिव्हर तिथंच सोडून आधी ती खाली दाबायचा. घरी काम करताना तेवढी चाचपणी ठेवली तरी पुरे.

टायर उन्हात ठेवावा म्हणतात, खरं आहे का?

खरं आहे. नवा टायर तासभर उन्हात पडू द्या, रबर नरम होतं आणि कड सहज वळते. आपल्याकडं ऊन फुकट आहे. डिसेंबरातल्या सकाळी तोच टायर लाकडासारखा ताठ असतो.

नव्या टायरबरोबर ट्यूबही नवी घ्यावी का?

घ्यावी. जुनी ट्यूब टायरच्या मापानं ताणून मोठी झालेली असते. नव्या टायरात तिला घडी पडते आणि ती घडी घासून घासून फुटते. ट्यूबवर छापलेलं माप टायरशी जुळलं पाहिजे. जुनी चांगली असेल तर पावडर लावून, घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत डिकीत ठेवा, रानात उपयोगी येईल.

रिमपट्टी म्हणजे काय, ती बदलावी लागते का?

स्पोकच्या चाकात प्रत्येक स्पोकचं डोकं रिमच्या आत निघतं. त्यांच्यावरून फिरवलेली रबराची पट्टी म्हणजे रिमपट्टी. ती सरकली किंवा सडली की स्पोकची टोकं ट्यूबला टोचतात. पंक्चर ट्यूबच्या आतल्या बाजूला, रिमकडं निघालं तर काट्याला दोष देऊ नका, पट्टी बघा. टायर काढलाच आहे तर रिमचा आतला गंज तारेच्या ब्रशनं किंवा पॉलिश पेपरनं घासा, बाहेर आलेलं स्पोकचं टोक कानशीनं सपाट करा आणि पट्टी नवी टाका.

टायर बसवताना दरवेळी नवी ट्यूब चिमटून पंक्चर होते. उपाय?

याला तीन कारणं असतात आणि तिन्ही टाळता येतात.

पहिलं, ट्यूब पूर्ण सपाट असते. टायरमध्ये घालण्याआधी तिच्यात थोडीशी हवा भरा, नुसता गोल आकार येईल एवढीच. सपाट ट्यूब कडेखाली पसरते, जास्त भरलेली मध्ये येते. ट्यूबला आणि टायरच्या आतून पावडर चोळा, म्हणजे ती आपसूक जागेवर सरकते.

दुसरं, शेवट चुकीच्या जागी होतो. एक कड हातानं आणि थोड्या लिव्हरनं चढवली, ट्यूब आत बसवली, व्हॉल्व्ह भोकातून बाहेर काढून नट दोन आटे अडकवला. आता दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरून सुरू करा आणि दोन्ही बाजूंनी व्हॉल्व्हकडं या. शेवटचा घास व्हॉल्व्हपाशी यायला हवा. व्हॉल्व्हच्या जागी ट्यूबचा जाड बुंधा असल्यानं तिथली कड खोबणीत जाऊ शकत नाही. तिथून सुरुवात केली तर शेवटाला ढीलच उरत नाही, मग लिव्हरवर जोर येतो आणि ट्यूब सापडते. शेवटच्या घासाआधी व्हॉल्व्ह बोटानं आत ढकला, म्हणजे बुंधा कडेच्या वर जाईल.

तिसरं, लिव्हर ९० अंशांच्या पुढं उलटवला जातो. कड काठावरून पलीकडं गेली की लिव्हर काढून घ्या. त्यापुढं त्याचं टोक सरळ ट्यूबमध्ये घुसतं. शेवटचे चार बोटं अंतर तर लिव्हरशिवाय, दोन्ही अंगठ्यांनी दाबून किंवा रबरी हातोडीनं चढवता येतं. साबणाचं पाणी लावलेलं असेल आणि समोरची कड खोबणीत असेल तरच.

बाण आणि रंगाचा ठिपका कशासाठी असतो?

बाण म्हणजे चाक फिरायची दिशा. काही टायरांवर पुढच्या आणि मागच्या चाकासाठी वेगळे बाण असतात, वाचून लावा. पिवळा ठिपका असेल तर तो टायरचा हलका भाग, तो व्हॉल्व्हपाशी ठेवा. ठिपका नसेल तर काही बिघडत नाही.

हवा किती भरायची?

दोन टप्पे आहेत. आधी कड रिमवर बसवायला हवा भरा, साधारण ४० पीएसआयपर्यंत, आणि टायरच्या बाजूला लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर कधीच नाही. कडेच्या जवळ टायरवर एक बारीक रेघ गोल फिरलेली असते. ती रिमपासून सगळीकडं सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठं आत गेली असेल तर हवा सोडा, तिथं साबणाचं पाणी लावा, पुन्हा भरा. ट्यूबच्या टायरमध्ये एकदा सगळी हवा सोडून परत भरावीच, म्हणजे ट्यूबला पडलेली घडी मोकळी होते.

मग चालवायची हवा. ती चेनगार्डवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर आणि पुस्तकात असते. शंभर सीसीच्या गाड्यांत पुढं साधारण २५, मागं एकट्याला २८ आणि दोघांना किंवा ओझ्याला त्याहून बरीच जास्त असते. सकाळी, चाक थंड असताना मोजा. भर दुपारी गाडी चालवून आल्यावर मीटर जास्त दाखवतो. तेव्हा हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमी निघेल. नायट्रोजनच भरला पाहिजे असं काही नाही.

ट्यूबलेस टायर घरी बसतो का?

चढवायला तो ट्यूबपेक्षा सोपा, चिमटायला ट्यूबच नसते. अडचण हवा भरताना येते. कड रिमला पूर्ण टेकलेली नसते, पायपंपाची हवा बाजूनं निघून जाते. मोठ्या टाकीचा कॉम्प्रेसर लागतो. टायरभोवती दोरी किंवा पट्टा आवळून, मधला भाग दाबून कड बाहेर ढकलता येते. त्यानं कधी कधी पंपावरही जमतं. न जमल्यास चाक घेऊन सरळ दुकानात जा.

पेट्रोल किंवा स्प्रे मारून, पेटवून कड बसवायचे व्हिडिओ फिरतात. ते करू नका. टायर फुटून तोंडावर येतो.

लिव्हर लावताना रिमच्या काठावर जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा प्लॅस्टिकची बाटली कापून ठेवा. काठाला खोल ओरखडा पडला तर तिथून कायम हवा जात राहते. टायर बदलताना रबरी व्हॉल्व्हही नवा टाका. आणि नेहमीच्या स्पोकच्या चाकात ट्यूबलेस टायर ट्यूबशिवाय चालत नाही, कारण स्पोकच्या भोकांतून हवा निघून जाते.

चाक परत बसवताना काय बघायचं?

बसवण्याआधी ब्रेक शूची जाडी, ड्रममधली धूळ आणि मागच्या हबमधले डंपर रबर बघून घ्या. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा, खरखरलं किंवा अडकलं तर आताच बदला. ब्रेकची धूळ तोंडानं फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. एक्सल पुसून हलका ग्रीसचा हात फिरवा. शूला किंवा डिस्कला ग्रीसचं बोट लागता कामा नये.

मागच्या चाकाला दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, चेन वरखाली साधारण २० ते ३० मि.मी. हलली पाहिजे. टॉर्क रॉडचा नट आणि त्याची पिन विसरू नका. ती सुटली तर ब्रेक दाबल्याबरोबर ब्रेकप्लेटच फिरते आणि चाक जाम होतं. नटाला कॉटर पिन असेल तर नवी घाला, जुनी वाकवून सरळ केलेली पिन तुटते. एक्सलचा नट पुस्तकात दिलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराला, आवळायचा असतो. वाळूजच्या कारखान्यात एखाद्या लाइनवर काम केलेला माणूस ओळखीत असेल तर त्याच्याकडून टॉर्क रेंच वापरायला शिकून घ्या. शेवटी ब्रेक दोन-चारदा दाबून बघा. डिस्कचा ब्रेक पहिल्यांदा दाबला की रिकामा जातो, घट्ट होईपर्यंत दाबत राहा आणि मगच गाडी रस्त्यावर काढा.

व्हॉल्व्ह तिरका का होतो?

हवा कमी असली की ब्रेक मारताना टायर रिमवर किंचित सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर जाते आणि व्हॉल्व्ह वाकतो. बुडापाशी फाटायच्या आत हवा सोडून तो सरळ करा. व्हॉल्व्हचा नट रिमला आवळून ठेवू नका. वर टोपीला भिडवून ठेवला तर तिरकेपणा लगेच दिसतो.

धसकटं आणि काटे यांना काही इलाज आहे का?

तुरीचं आणि पऱ्हाटीचं धसकट हे वेड्या बाभळीच्या काट्याहून वाईट. विळ्यानं तिरकं कापलेलं, वाळलेलं आणि जमिनीत रोवलेलं, ते नवा टायरही बाजूनं फाडतं. त्याला कुठलंही औषध नाही. कापणीनंतर त्या वावरातून गाडी घालू नये, धुऱ्यावरून न्यावी.

काट्यांना ट्यूबलेसमध्ये पंक्चर रोखणारं लिक्विड बऱ्यापैकी चालतं. ट्यूबमध्ये त्याचा भरवसा कमी, कारण भोक ताणून मोठं होतं. टायर बदलताना जुन्या टायरच्या आतून हात फिरवायची सवय असते तिथं जपा, आधी फडकं फिरवा. आत रुतलेलं काट्याचं टोक बोटात जातं.

पावसाळ्यात काळ्या मातीसाठी बटन टायर (जाड, सुट्या गाठींच्या नक्षीचा) घ्यावा का?

रोज शेतात जात असाल तर मागं घ्या. पण काळी माती नक्षीत कमी आणि मडगार्डमध्ये जास्त भरते. चाक जाम होतं ते तिथं. मडगार्ड आणि टायरमधली जागा कमी असेल तर जाड बटनांनी ती आणखी कमी होते आणि गाडी आधीच्यापेक्षा लवकर अडकते. औसा किंवा बीडच्या हायवेवर रोज पन्नास किलोमीटर जाणाऱ्यानं मात्र बटन टायर घेऊ नये. तो ओल्या डांबरावर कमी धरतो आणि लवकर झिजतो.

नव्या टायरवर लगेच लांबचा प्रवास करावा का?

तुळजापूरला जायच्या आदल्या दिवशी टायर बदलू नका, आठवडाभर आधी बदला. नवं रबर गुळगुळीत असतं. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी जास्त वाकवायची नाही, ब्रेक एकदम मारायचा नाही. घरी बदललेला टायर असेल तर पहिल्या दिवशी जवळपास फिरून या, दुसऱ्या सकाळी हवा पुन्हा मोजा. चार-पाच पीएसआयहून जास्त उतरली असेल तर ट्यूब कुठंतरी चिमटलीय. एक्सलचे नटही तेव्हाच परत तपासा.

साठच्या पुढं हँडल थरथरत असेल तर आधी ती बारीक रेघ बघा. बहुतेक वेळा कड एका जागी नीट बसलेली नसते. तसं नसेल तर स्पोक ढिले आहेत का, रिम वाकलंय का ते चाक फिरवून बघा. स्पोक आवळायचं काम मात्र जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

जुन्या टायरचं काय करायचं?

शेकोटीत किंवा हुरड्याच्या आगटीत टाकू नका. त्या धुरात विषारी वायू असतात आणि त्यावर भाजलेलं पोटात जातं. भंगारवाला घेतो, त्याला द्या. पत्र्यावर किंवा कडब्याच्या गंजीवरच्या ताडपत्रीवर वजनाला ठेवायची आपल्याकडं रीत आहे, पण पावसाळ्यात टायरच्या पोटात पाणी साचतं आणि डेंग्यूच्या डासाला तेवढं पाणी पुरतं. ठेवायचाच असेल तर आधी नक्षीच्या बाजूला चार-सहा ठिकाणी भोकं पाडा, कसाही ठेवला तरी पाणी निघून गेलं पाहिजे.